पैजेतलं शेवटचं डोकं

पैज लागली ती एका डुलकीवरून.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, म्हणून न्हावी आपल्याच दुकानात आपल्याच खुर्चीवर तोंडावर टॉवेल टाकून पेंगत पडला होता. तेवढ्यात शेजारचा शिंपी केस कापायला आला आणि उठवायला म्हणून खाली वाकला. न्हाव्यानं टॉवेल काढला नाही, डोळे उघडले नाहीत, नुसता हात वर केला, शिंप्याचं डोकं चाचपलं आणि म्हणाला, "काय शिंपीबुवा, हल्ली उजव्या कुशीवर झोपता? केस तिकडेच चपटलेत. वहिनी डाव्या बाजूला झोपतात ना? भांडलात वाटतं."

शिंपी असा लाजला की केस न कापताच निघाला. बाकावर बसलेले हसून हसून आडवे झाले. हसला नाही तो फक्त समोरचा बेकरीवाला. बेकरीवाला आणि न्हावी नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासूनचे दोस्त. एकाचं एकही वाक्य दुसऱ्यानं सरळ जाऊ द्यायचं नाही, इतकी घट्ट दोस्ती.

"ह्यात काय ओळखलंस, मिश्या? त्यांचं भांडण अख्ख्या गल्लीनं ऐकलंय. मी भट्टीत तोंड घालून ओळखलं असतं."

"पावट्या, अरे डोकी माझ्याशी बोलतात. तुझं तेवढं बोलत नाही. आत कोणी राहतच नाही ना."

"लाव मग पैज! डोळ्यांवर पट्टी. गल्लीत रोज दिसणारा कुठलाही बाप्या तुझ्यापुढे बसवायचा. तू नुसत्या हातानं ओळखायचं. एक जरी चुकलास तरी हरलास."

"आणि हरलो तर?"

बेकरीवाल्यानं दुकानभर नजर फिरवली आणि ती जिथे थांबायची तिथेच थांबली. न्हाव्याची मिशी. ती मिशी म्हणजे दुकानाची खरी पाटी होती. न्हावी वळणावर असताना मिशी आधी गल्लीत शिरायची, असं पोरं म्हणत.

"अर्धी मिशी," बेकरीवाला म्हणाला. "बाजाराच्या दिवशी, भर चौकात, तुझ्याच खुर्चीत बसवून मी स्वतः उतरवणार. आणि दिवस मावळेपर्यंत तू तसाच बसायचंस."

"कबूल. आणि जिंकलो तर तू तुझ्या गल्ल्यावर चढून कोंबड्यासारखा आरवायचंस. बाजार उठेपर्यंत."

टाळी दिली-घेतली. मग बेकरीवाल्याला एकदम शंका आली. "थांब! तू वासावरून ओळखशील. माझ्या डोक्याला पिठाचा वास, पोस्टमनच्या डोक्याला डिंकाचा. ते नाही चालायचं. आधी सगळ्यांची डोकी धुवायची, एकाच साबणानं, मागच्या नळावर. सदरे काढून, म्हणजे कपड्यांचाही वास नको."

"कोण धुणार? तू? लोकांच्या डोक्याची कणीक मळशील."

"मी धुवेन!" पडद्यामागून आवाज आला. ही भिंगरी. न्हाव्याची एकुलती एक. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे हसली की दार उघडं राहिल्यासारखं दिसायचं. "आणि डोकी पण मीच निवडणार. बाबा, मी तुला हरवणार आहे."

"बघ," बेकरीवाला म्हणाला, "घरातच फितुरी. मला हीच पोरगी चालेल."

पंच म्हणून नगरसमितीचे अध्यक्ष यायला तयार झाले. न्हावी दर आठवड्याला त्यांच्या बंगल्यावर दाढी करायला जायचा, तेव्हाच विचारून टाकलं. अध्यक्षांना कुठेही मधोमध बसायला बोलावलं की आवडायचं, मग फीत कापायची असो नाहीतर कुत्र्यांची शर्यत.

ठरल्या दिवशी दुकानाबाहेर अशी गर्दी झाली की जणू आत सर्कशीतला वाघ आणलाय. अध्यक्ष दाराशी खुर्ची टाकून बसले. न्हाव्याच्या बायकोनं त्याच्या डोळ्यांवर जाड काळं फडकं बांधलं आणि गाठ मारताना कानात पुटपुटली, "अहो, जास्त फुशारक्या मारू नका." नियम असा, की कोणी चकार शब्द काढायचा नाही. मागच्या अंगणात भिंगरी एकेकाचं डोकं धुवून, पुसून, हाताला धरून आत आणणार.

पहिलं डोकं बसलं. न्हाव्यानं बोटं फिरवली. "टोपीचा वळ कायमचा उमटलाय. आणि मान डावीकडे झुकलेली, पिशवीच्या वजनानं. या पोस्टमनसाहेब! माझ्या साल्याचं पत्र आलं असेल तर हरवून टाका."

हशा. दुसरं डोकं. "हे काय, कानशिलावर दर आठवड्याला नवा खड्डा. विचार करताना पेन्सिल टोचायची सवय. नमस्कार मास्तर!"

तिसरं बसलं आणि न्हाव्यानं हात लावायच्या आधीच ते शिंकलं. "शिंपीबुवा, तुम्ही नाकानंच पत्ता सांगितलात. जा."

बाहेर लोक खिदळत होते. बेकरीवाला नखं कुरतडत असणार, हे न्हाव्याला पट्टीतूनही दिसत होतं. मग बराच वेळ कोणी आलंच नाही. मागे नळाचं पाणी वाहत राहिलं. आणि मग भिंगरीची ती हसू दाबल्याची चाहूल, आणि खुर्चीत कोणीतरी बसलं. खुर्ची करकरली. मोठा माणूस. पण असा टोकावर बसला होता, की खुर्ची त्याला नको आहे की तो खुर्चीला, कळेना.

न्हाव्यानं हात ठेवला. डोकं भरीव, कपाळ रुंद. मागे दोन भोवरे, जवळजवळ. केस दाट, आखूड, कुरळे. आणि डाव्या कानामागे बोट जाईल एवढी खोक, जुनी, भरून आलेली. न्हाव्याला आनंदाची उकळी फुटली. दोन भोवरे आणि कानामागे खोक असलेलं डोकं त्याच्या हाताखाली दर आठवड्याला यायचं. वा रे पावट्या! पंचालाच खुर्चीत बसवलंस! सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं ते उगाच नाही.

त्यानं मुद्दाम वेळ घेतला. मान चोळली. मान दोरखंडासारखी ताठ होती.

"मंडळी," न्हावी म्हणाला, "असं डोकं शहरात एकच. हे कपाळ बघा, हे हुकूम सोडणाऱ्याचं कपाळ. ही खोक लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची, आम्हाला स्वतः सांगितलंय. आणि साहेब, अशी ताठ मान ठेवून बसू नका, वस्तरा नाहीये हातात! लोकहो, हे आपले अध्यक्षसाहेब!"

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हसलंही नाही. एवढी शांतता झाली की नळ अजून ठिबकतोय हे कळलं. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते आवरेना, आणि मग सगळी गल्ली फुटली.

न्हाव्यानं पट्टी ओढून काढली. खुर्चीत कोळसेवाला बसला होता.

कोळसेवाला पलीकडचा. नदीचा पूल ओलांडून ही माणसं सकाळी यायची, दंडावर पितळी बिल्ला, आणि दिवे लागायच्या आत परत जायची. कोळसा वाहा, गटार उपसा, फरशी घासा, पण कुठे बसायचं नाही. रंगानं काळी होती, आणि शहराच्या मते तेवढं कारण पुरेसं होतं. न्हाव्याच्या दुकानाच्या दारावरही पाटी होती, पलीकडच्यांना आत मज्जाव अशी. दुकान घेतलं तेव्हा ती दाराबरोबर आली होती, जसा मागचा नळ आला होता. दर वर्षी दाराला रंग देताना न्हावी पाटीच्या कडेनं नीट रंग द्यायचा. वाचली कधीच नव्हती.

आणि अध्यक्ष दाराशी आपल्या खुर्चीत बसले होते, जसे आधीपासून बसले होते तसेच.

"गल्लीत रोज दिसतात की!" भिंगरी टाळ्या पिटत ओरडली. "बाबानं त्यांना कधीच हात नाही लावलेला, मग ओळखणार कसा? हरला! बाबा हरला!"

आता इथे न्हाव्यानं काय करायला हवं होतं, हे नंतर त्याला रोज सुचायचं. त्या वेळी त्यानं काय केलं? तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. जन्मभर थट्टामस्करी केली, पण इतका बहारदार विनोद त्याच्या हातून कधी झाला नव्हता. त्यानं कोळसेवाल्याच्या ओल्या पाठीवर थाप मारली. "अरे बाबा, तुझं डोकं तर साहेबांचं निघालं! जरा सांभाळून ठेव!"

कोळसेवाला उठला. "माफ करा," म्हणाला, कोणाला ते कळलं नाही. सदरा छातीशी धरून, लोकांना चुकून धक्का लागू नये म्हणून आडवा होत तो बाहेर गेला. अध्यक्षांच्या ओठांवर हसू होतं, पण ते ओठांवरून पुढे कुठे गेलं नाही. "निकाल नंतर सांगू," म्हणाले आणि गाडीत बसले.

पुढचे काही दिवस न्हाव्यानं तो किस्सा येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवला. दाढीच्या फेसात हसून लोकांचे बुडबुडे निघायचे. पोरं अध्यक्षांची गाडी दिसली की "कोळसा आला, कोळसा!" असं ओरडायला लागली. बायको म्हणाली, "पुरे करा हो." तो म्हणाला, "अगं, चार दिवस हसतील लोक, जातंय काय कोणाचं?"

मग एका सकाळी कोळसा आला नाही. पोस्टमननं बातमी आणली. कोळसेवाल्याला पुलावरच धरलं होतं.

"कशाबद्दल?" न्हाव्यानं विचारलं.

"आपल्या लोकांच्या दुकानात शिरून खुर्चीत बसला म्हणून. अजून पण काहीतरी लावतायत म्हणे."

न्हाव्याच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. त्या आठवड्यात तो दाढी करायला बंगल्यावर गेला. त्यानं अध्यक्षांच्या गालाला फेस लावला, गळ्यावर वस्तरा ठेवला आणि म्हणाला, "साहेब, तो आपण होऊन नाही आला. खेळ होता. माझा मूर्खपणा. त्याला सोडा."

अध्यक्ष डोळे मिटून होते. "मला काय हौस आहे? पण तक्रार आली की सुनावणी करावी लागते. तू एक कर. तुझ्या मुलीला आण. तिनंच आणलं ना त्याला? मग तिला सांगू दे. लहान मुलं खोटं बोलत नाहीत. तिनं सांगितलं की संपलं."

न्हाव्याला असं हलकं वाटलं की अध्यक्ष नको म्हणत असताना त्यानं त्यांची मानही चोळून दिली. दोन भोवरे. कानामागची खोक. सगळं तिथंच होतं.

घरी बायकोनं ऐकलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. "पोरीला नेऊ नका."

"अगं, ती खरं सांगेल."

"म्हणूनच म्हणते. खरं बोलणाऱ्याला तिथं नेतात का? तिला कुठं काय लपवायचं ते कळत नाही."

"लपवण्यासारखं आहेच काय?"

तिनं भांडं पुन्हा उचललं. तिला काय म्हणायचं होतं ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. मधोमध अध्यक्ष. पैजेतही पंच तेच, इथेही तेच. कोळसेवाला एका बाजूला उभा, कारण बसायची सोय त्याच्यासाठी नव्हती. एक डोळा सुजून बंद झालेला. भिंगरीला पाहिल्यावर त्यानं चेहऱ्याची ती बाजू दुसरीकडे वळवली, तिला दिसू नये म्हणून. भिंगरीनं तरी पाहिलंच आणि हात हलवला.

"ये बाळ," अध्यक्ष म्हणाले. "घाबरायचं नाही. काय झालं ते सगळं सांगायचं. हा माणूस आपण होऊन आला?"

"नाही. मी हात धरून ओढत आणलं." भिंगरीचा आवाज खणखणीत होता. घरी बाबानं सांगितलं होतं, सगळं सांग, काही राहू देऊ नकोस, मग काकांना सोडतील. "ते नको नको म्हणत होते. म्हणाले, मला ओरडतील. मी म्हटलं, आमचा बाबा ओरडत नाही, आमचा बाबा नुसता हसतो."

लोक हसले. न्हाव्याच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं.

"शाब्बास. मग?"

"मग मी त्यांचं डोकं धुतलं. ते उंच आहेत ना, म्हणून गुडघ्यावर बसले. सदरा काढून ठेवला. सगळं पाणी काळं आलं! परत साबण लावला, परत काळं. मग मी कानामागे चोळलं ना, तर त्यांना गुदगुल्या झाल्या. ते हसायला लागले. मग मी मुद्दाम अजून केल्या."

ती हसली, त्या दोन दातांच्या जागेतून. या वेळी तिच्याबरोबर कोणी हसलं नाही.

"तिथं आणखी कोण होतं?"

"कोणीच नाही. आम्ही दोघंच."

बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. एकीनं आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. अध्यक्षांनी आवाज खाली आणला, आजारी माणसाजवळ बोलतात तसा. "सदरा काढला होता, आणि तुम्ही दोघंच. आणि तो हसत होता. बरं. त्यानं तुला हात लावला?"

"हो. मी घसरले पाण्यावरून, तर त्यांनी धरलं मला. असं, कमरेला." तिनं कमरेला हात लावून दाखवलं, शाळेत कविता म्हणताना दाखवतात तसं.

न्हावी कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "सगळ्यांचीच धुतली होती तिनं! पोस्टमनचं, मास्तरांचं, सगळ्यांचेच सदरे काढलेले होते! पैजेतला नियम होता तो. विचारा, हा बेकरीवाला बसलाय, त्याचाच नियम! पावट्या, सांग ना रे!"

सगळं सभागृह बेकरीवाल्याकडे वळलं. बेकरीवाल्याच्या बाजूला बायको बसली होती, आणि बेकरीचा पाव रोज सकाळी अध्यक्षांच्या हातातल्या नगरसमितीच्या दवाखान्याला आणि शाळेला जायचा. त्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं. त्यावर पीठ सांडलं होतं, ते एका पायानं दुसऱ्या पायाचं पुसलं.

"नीटसं आठवत नाही," तो म्हणाला.

पोस्टमन खिडकीतून बाहेर बघत होता. मास्तर पुढच्या माणसाच्या पाठीमागे जाऊन लहान झाले. शिंपी शिंकला.

"बाबा, आठवत कसं नाही?" भिंगरी म्हणाली. "बेकरीकाकांनीच तर सांगितलं—"

"बस, बाळ. झालं," अध्यक्ष म्हणाले. मग कोळसेवाल्याकडे न बघता विचारलं, "तुला काही म्हणायचंय?"

कोळसेवाल्यानं मान वर केली. त्याचा आवाज गल्लीत कोणी नीट ऐकलेला नव्हता, 'पोतं कुठं ठेवू' एवढ्यापुरताच ऐकला होता. "पोरगी खरं बोलते," तो म्हणाला. "तिला कोणी रागावू नका."

त्याला चुन्याच्या खाणीवर पाठवलं. तिथे पलीकडची माणसं पाठवत, आणि परत आलेला कोणी न्हाव्याला माहीत नव्हता. किती वर्षांसाठी ते गलक्यात ऐकूही आलं नाही. उठता उठता अध्यक्षांना काहीतरी आठवलं. त्यांनी हात वर केला, चेहऱ्यावर आता खरं हसू होतं.

"आणि हो, त्या पैजेचा निकाल राहिला. गल्लीतला माणूस ओळखायचं ठरलं होतं. तो गल्लीतला नाही, तेव्हा ते डोकं मोजताच येत नाही. पैज रद्द. जा रे, तुझी मिशी वाचली!"

लोक हसले. हसायला मिळालं म्हणून सुटल्यासारखे हसले. कोळसेवाल्याला मागच्या दारानं नेलं तेव्हा फारसं कोणी तिकडे पाहिलंच नाही. भिंगरी तेवढी पायांच्या जंगलातून वाकून वाकून बघत राहिली.

घरी येताना तिनं विचारलं, "मी नीट सांगितलं ना, बाबा?"

"हो."

"काही विसरले का? म्हणून नाही सोडलं?"

"नाही गं. काही नाही विसरलीस."

"मग कमी सांगायला हवं होतं का?"

न्हाव्याच्या जिभेवर सदैव तयार उत्तरं असत. शहरात त्याच्या तोंडाला लागायला माणसं घाबरत. तो दुकानाचं कुलूप काढत राहिला, आणि कुलूप निघाल्यावरही काढत राहिला.

काही दिवसांनी नवा कोळसेवाला आला. कोवळा पोरगाच होता, पाठीवर पोतं. भिंगरी सवयीनं जिन्यावरून धावत खाली गेली. तिला बघताच तो असा मागे सरला की भिंतीला जाऊन आदळला. पोतं फुटलं, कोळसा घरंगळला. एक तुकडा उचलून ती त्याला द्यायला गेली, तर त्यानं दोन्ही हात वर केले, रिकामे, सगळ्या गल्लीला दिसतील असे. "ताई, लांब व्हा," तो म्हणाला. "पाया पडतो, लांब व्हा."

त्या दिवशी भिंगरी जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि तिची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. न्हावी पडद्याच्या अलीकडे उभा होता. आतून आवाज आला, "आई, मी घाण आहे का गं?"

बाजाराच्या दिवशी सकाळी न्हाव्यानं दुकानातली खुर्ची उचलली. ती लोखंडी, जड, दोघांनी उचलायची खुर्ची. ओढत ओढत त्यानं ती चौकात नेली, मधोमध ठेवली, भाजीवाल्या आणि भांडीवाल्यांच्या मध्ये. मग साबण, वाडगं, ब्रश, वस्तरा. भिंगरी मागोमाग पाण्याचा तांब्या घेऊन आली. न्हावी बसला, स्वतःच्या गळ्यात स्वतःच टॉवेल अडकवला आणि बेकरीच्या दिशेनं ओरडला.

"पावट्या! ये, मी हरलो. तुझं घेऊन जा!"

बाजार थांबला. बेकरीवाला दारात आला, हाताला कणीक. "मिश्या, काय चाललंय? ऊठ. पैज रद्द झालीय."

"कोणी केली?"

"अरे हळू! साहेबांनी केली ना, सगळ्यांसमोर."

"पैज तुझी नि माझी होती. गल्लीत रोज दिसणारा कुठलाही बाप्या, असं तू म्हणालास. दिसायचा की नाही? तुझ्याच बेकरीत पोतं ओतायचा की नाही? त्याच्या कोळशावर तू पाव भाजलेस की नाही? गल्लीतला माणूस होता. मी ओळखला नाही. हरलो. ये."

"मला नको जिंकायला."

"जिंकलेला माणूस पळतो का रे?" न्हावी म्हणाला. "तेव्हा म्हणालास आठवत नाही. आता तरी आठव."

लोक जमले होते, पण अंतर ठेवून, जसे आगीभोवती जमतात. कुणीतरी म्हणालं, साहेबांची गाडी येईल इतक्यात. भांडीवाल्यानं आपली भांडी खुर्चीपासून दूर सरकवली. बेकरीवाल्याची बायको खिडकीतून मान हलवत होती, नको, नको. बेकरीवाला दारातच उभा. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं. मग कणकेचे हात अंगाला पुसत, बाजार ओलांडत तो आला आणि खुर्चीपाशी उभा राहिला. जन्मभर ज्या डोक्याला टपल्या मारल्या, त्याच्याकडे त्याला बघवेना.

"सांग," न्हावी म्हणाला. "मोठ्यानं."

"मी जिंकलो."

"का?"

बेकरीवाल्यानं गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू ओळखलं नाहीस म्हणून. सगळ्यांचीच डोकी धुतली होती. नियम माझा होता." आणि तो भर बाजारात लहान पोरासारखा रडायला लागला.

"रड नंतर," न्हावी म्हणाला. "आधी वस्तरा नीट धर. अर्धी मिशी ठरलीय, नाक नाही."

कुणी हसलं नाही. बेकरीवाल्यानं फेस लावला. दोनदा कापलं, रक्त आलं. न्हावी हलला नाही. काळ्याभोर केसांची एक बाजू टॉवेलवर पडली, आणि तो तसाच बसून राहिला, अर्धा चेहरा ओळखीचा, अर्धा उघडा. बेकरीवाला वस्तरा ठेवून गेला. लोकही गेले, एकेक करत, दुसऱ्या बाजूनं वळसा घालून. अध्यक्षांची गाडी आली, खुर्चीपाशी हळू झाली आणि पुढे गेली. त्या आठवड्यापासून बंगल्यावरचं बोलावणं येणार नव्हतं, दुकानाच्या बाकावरही कोणी बसणार नव्हतं, हे त्याला कळलं होतं. बसायचं होतं दिवस मावळेपर्यंत. तो बसला.

ऊन कलायला लागलं तेव्हा भिंगरी खुर्चीच्या पायाला टेकून बसली होती. ओला टॉवेल घेऊन ती उठली, बापाच्या ओठावरचं रक्त हळूच पुसलं. मग त्याच्या मांडीवर हात ठेवून तिनं त्याच्या चेहऱ्यात खालून पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं होतं.

"बाबा, आपण हरलो ते देऊन टाकलं ना आता?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग आता सोडतील ना काकांना?"

न्हाव्यानं तिला उचलून मांडीवर घेतलं आणि तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं, म्हणजे तिला त्याचा चेहरा दिसायला नको. बाजार उठला होता. भांडीवाला शेवटची भांडी बांधत होता, आणि पुलाकडे जाणारी पलीकडची माणसं चौकाच्या कडेकडेनं, मान खाली घालून चालली होती. ती वाट बघत राहिली. त्याची बोटं तिच्या केसांत फिरत राहिली, पुन्हा पुन्हा.